टाकी नंबर चारची गोडी

आठ दिवसांत तीन कॅन. हा आकडा मी त्या आठ दिवसांत कुणालाही सांगितला नाही. बायकोला नाही, शेजारच्या शिफ्टवाल्याला नाही, प्लांटच्या वहीला तर नाहीच नाही.

आमची फॅक्टरी बिअरची. राहुरी तालुक्यात, नगर-मनमाड रस्त्यापासून आत, दोन्ही अंगांना ऊस. बिअर आंबताना तापते, आणि जास्त तापली की नासते. म्हणून तिच्या टाकीला थर्मासासारख्या दोन भिंती असतात आणि त्या भिंतींच्या मधून गारेगार ग्लायकोल फिरत राहतं. ग्लायकोल म्हणजे न गोठणारं, दाटसर, हिरवट पाणी समजा. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्यातलंच. खाण्यापिण्याच्या कारखान्यासाठी वेगळं ग्लायकोल मिळतं, ते चुकून पोटात गेलं तरी माणूस मरत नाही. पण ते महाग. आमच्याकडं स्वस्तातलं यायचं. त्याच्या कॅनवर कवटी आणि दोन हाडं.

हे ग्लायकोल बाहेर एका टाकीत साठवतात. त्या टाकीला काचेची नळी, नळीवर दोन लाल रेघा. पातळी त्या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. मी ऑपरेटर. सहा वर्षं टेम्पररी. माझी निम्मी नोकरी म्हणजे ती रेघ सांभाळणं.

पातळी खाली गेली तर वहीत लिहायचं, असा नियम होता. दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्र नावाच्या ऑपरेटरनं तो पाळला. ‘पातळी चार बोटं खाली, गळती शोधावी’ असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. गळती शोधायला प्लांट तीन दिवस बंद ठेवावा लागला. पंपाच्या बुडाशी थेंब थेंब गळत होतं, ते सापडलं, दुरुस्त झालं, आणि चौथ्या दिवशी मच्छिंद्र गेटच्या बाहेर. कामचुकार म्हणून. तेव्हापासून आमची वही कोरी करकरीत. पातळी उतरली की कॅन उघडायचा, नळी लावायची, रेघेवर आणायचं आणि गप्प बसायचं. सगळ्या शिफ्टचे सगळे ऑपरेटर हेच करायचे. कुणी कुणाला शिकवलं नाही.

मीही तेच केलं. मी कुणी वेगळा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे सत्त्याण्णव सालची गोष्ट. होळी चार दिवसांवर आलेली. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तिसरा कॅन उघडला. हातपंप कधीचाच मोडलेला. तेव्हा आपली रॉकेलवाल्याची रीत: रबरी नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं तोंडात, ओढायचं, आलं की पटकन टाकीत सोडायचं. मला सोडायला जरा उशीर झाला. चूळभर ग्लायकोल तोंडात आलं. थुंकलो. चार वेळा खळखळून चूळ भरली. तरी जिभेच्या मागं, पडजिभेपाशी, गोड राहिलंच. वीस मिनिटं राहिलं. विष इतकं गोड का करून ठेवलंय, असं तेव्हा मनात आलं, आणि मी कामाला लागलो.

त्या दिवशी अकरा वाजता टाकी नंबर चारची चाखणी होती.

टाकी नंबर चार म्हणजे आबासाहेबांचं खूळ. आबासाहेब म्हणजे मालक. दोन वर्षांपूर्वी ते युरोपात फिरून आले. तिथं कुणीतरी त्यांना काळी बिअर पाजली, चॉकलेटच्या केकसारखी लागणारी. जेवणानंतर, गोड म्हणून प्यायची बिअर. तेव्हापासून त्यांनी धोसरा लावला, आपण पुरणपोळीची करू. ब्रूमास्टर गहिनीनाथ कामाला लागला. जव काळेभोर होईस्तोवर भाजले, गूळ घातला, वेलदोडे घातले, जायफळ घातलं. हजार लिटरची एक टाकी वेगळी काढून दिली. पहिल्या खेपेला माल काढ्यासारखा झाला. दुसऱ्या खेपेला जायफळ इतकं झालं की बाळंतिणीच्या खोलीचा वास यायचा. ही तिसरी खेप. आणि या खेपेला आबासाहेबांनी आधीच पुण्याच्या हॉटेलवाल्यांना त्याच रात्री तिथं पुण्यातच जेवायला बोलावलं होतं. माल चाखायचा, तीनशे बाटल्या भरायच्या, दोन वाजता टेम्पो सोडायचा. चूक व्हायला जागाच ठेवली नव्हती.

चाखणी लॅबमध्ये. टेबलाला पांढरी चादर, काचेचे ग्लास, प्रत्येकापुढं एक छापील कागद: रंग, वास, चव, आणि शेवट म्हणजे गिळल्यावर मागं उरणारी चव. टाकीवरून माल जगमधून आणायचा आणि ग्लास भरायचे, हे माझं काम. टेबलाशी तिघं. आबासाहेब, गहिनीनाथ आणि प्रज्ञा मॅडम.

मॅडम लॅबच्या केमिस्ट. श्रीरामपूरच्या, बी.एस्सी., वय पंचवीस. आमच्यातल्याच. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहे, ती आमच्या घरी भिंतीवर टांगलेली. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, मॅडम, तुम्ही कशा घेता? त्या म्हणाल्या, “दादा, नोकरी आहे. घोट घेते, कागद भरते, तोंड धुते. घरी सांगितलेलं नाही. तुम्हीपण सांगू नका.”

चाखणीची आमच्याकडची पद्धत अशी. कागद प्रत्येकानं आपापला भरायचा, शेजाऱ्याचा बघायचा नाही. पण आबासाहेबांनी तोंड उघडेपर्यंत कुणाचं पेन हलत नसे. ते ‘छान’ म्हणाले की सगळ्यांच्या कागदावर छान.

आबासाहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. मी जग धरून उभा.

“आयला,” ते म्हणाले. “गहिनी! जमलं की रे! ही गोडी बघ. माझ्या आईच्या हातचं पुरण.”

गहिनीनाथानं प्यायलं. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि लगेच गेली. “व्हय साहेब. म्हनलं हुतं ना, गूळ बदलला की काम होनार.”

“काळीकुट्ट हाय, कडू लागंल असं वाटतं. आन् शेवटाला बघ कसं गोड उतरतंय. घशात राहतंय.”

घशात राहतंय. जग माझ्या हातात जड झाला.

मी स्वतःला म्हणालो, गूळ आहे. दोन पोती गूळ आपणच उचलून ओतलाय. गोड लागणार नाही तर काय होईल?

मॅडमनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग अर्धा ग्लास संपवला. एवढं त्या कधी पीत नसत. मग उठून नळीतला काटा बघून आल्या. हा काटा काचेचा असतो, बिअरमध्ये तरंगतो, माल किती दाट ते सांगतो.

“सर, काल काटा अठरावर होता. आज एकवीसवर आहे.”

“मग?” आबासाहेब म्हणाले.

“माल आंबताना त्यातली साखर संपत जाते. काटा खाली येतो, नाहीतर थांबतो. वर जात नाही.”

गहिनीनाथ हसला. “मॅडम, गूळ बुडाला बसतो. ढवळला की वर येतो. पुस्तकात नसतं हे.”

“विरघळलेला गूळ बुडाला बसत नाही, सर.”

“तुमचा काटा बदला,” आबासाहेब म्हणाले. “मी आणून देतो नवा. सोन्याचा देऊ?” आणि त्यांनी आपला ग्लास माझ्यापुढं केला. मी भरला. भरताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, थोडी चादरीवर सांडली. काळा डाग. हिरवा असता तर दिसला असता. या काळ्या मालात बादलीभर हिरवं ओतलं तरी कुणाला दिसणार होतं? आणि गोडात गोड कुणाला कळणार?

आबासाहेबांना सांडलेलं दिसलं. “का रे भीमराज? तोंडाला पानी सुटलं का? घे की घोटभर.”

“साहेब, मी घेत न्हाई.”

“तुमच्यात न घेनारा एक आमच्याच फॅक्टरीत घावला म्हनायचा! म्युझियममध्ये ठिवला पाहिजे याला.”

गहिनीनाथ मोठ्यानं हसला. मॅडम कागदाकडं बघत राहिल्या. माझ्या बापानं, रंभाजीनं, देवळाली प्रवरेला उसाच्या फडावर आयुष्य काढलं आणि छप्पन्न सालानंतर थेंबाला शिवला नाही. ज्यांच्या दारूवर तालुक्याच्या निवडणुका होतात त्यांनी आमच्या पिण्याच्या गोष्टी सांगाव्यात? हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी बोललो नाही. मला बोलायचं होतं ते हे नव्हतंच. मला बोलायचं होतं, साहेब, तो ग्लास खाली ठेवा. तेही बोललो नाही.

आबासाहेबांनी दुसरा ग्लास संपवला. कागदांवर सह्या झाल्या. मॅडमनी ‘शेवट’ या रकान्यात काहीच लिहिलं नाही, पण सही केली. आबासाहेब पेन पुढं करून उभे होते.

“बाटल्या भरायला घ्या,” ते म्हणाले.

मी बाहेर पळालो आणि ओल शोधायला लागलो.

देव मी मानत नाही. पण त्या वेळी कुणी विचारलं असतं तुला काय पाहिजे, तर सांगितलं असतं, एक डबकं पाहिजे. कुठंतरी फरशीवर हिरवट, चिकट डबकं. म्हणजे तीन कॅन तिथं गेले, बिअरमध्ये नाही. मी पंपाच्या खाली पालथा झोपून बघितलं. कोरडं. पाइपांच्या जोडांवरून हात फिरवत गेलो. गार, पण कोरडे. गटारीच्या जाळीत बोटं घातली. कोरडी माती आणि विडीची थोटकं. ओल कुठंच नाही. तीन कॅन म्हणजे साठ लिटर, एवढं बाहेर पडलं तर शेवाळ तरी धरेल की नाही?

 भिंत आतून फुटली असेल तर ग्लायकोल आतच जाणार, कारण त्याला पंपाचा जोर असतो. हे मला कुणी शिकवलं नाही. दहावी नापास आहे मी. पण सहा वर्षं पाइपांशी झोपलोय.

तरीही मी स्वतःला सांगत होतो की नक्की काय ते माहीत नाही. नक्की माहीत नसताना बोललो तर मच्छिंद्र होणार. गुढीपाडव्याला पर्मनंटची ऑर्डर निघणार होती, यादीत माझं नाव होतं. दीपाला, माझ्या बायकोला, सातवा महिना. आणि नक्की माहीत असताना बोललो तर? तर ते तीन कॅन मीच घातलेले. सगळे म्हणणार, यानंच घातले.

बारा वाजता मॅडम प्लांटवर आल्या. कधी येत नसत. बाटल्यांची लाइन सुरू झाली होती, काचेचा खडखडाट चाललेला. त्या माझ्या कानाशी येऊन बोलल्या.

“भीमराजदादा, खरं सांगा. ग्लायकोल किती उतरलं या आठवड्यात?”

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर काढली नाही.

“कुठं काय, मॅडम. रेघेवर हाय. बघा तुमीच.”

त्यांनी नळीकडं बघितलं. पातळी दोन रेघांच्या बरोबर मध्ये. सकाळी मीच आणलेली.

“वहीत काही?”

“वही कोरी हाय.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग माझंच चुकत असेल.” आणि गेल्या. जाताना पोटावर हात ठेवून चालत होत्या, की मला तसं वाटलं.

त्यानंतरचा दीड तास मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की क्रेट मोजण्याचं नाटक करत होतो. एक क्रेट, बारा बाटल्या. दुसरा. तिसरा. बजरंग टेम्पोवाला क्रेट चढवत गाणं म्हणत होता. प्रत्येक बाटली कुणाच्या तरी ताटाशेजारी जाणार होती. हॉटेलवाले पितील, त्यांच्या बायका चव घेतील. पुरणपोळीची म्हटल्यावर कुणीही घोटभर घेणार.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की नक्की माहीत करून घ्यायचा एक रस्ता आहे. त्या अख्ख्या फॅक्टरीत बिअरची चव सगळ्यांना माहीत होती, पण कॅनची चव एकट्या मला माहीत होती. सकाळीच घेतली होती.

टाकी नंबर चारच्या मागं गेलो. चाखणीची तोटी उघडली, ग्लासात बोटभर घेतलं. वरती तपकिरी फेस. हातात धरून उभा राहिलो. एकतीस वर्षांचं वय. भावकीच्या लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत पोरं हाताला धरून ओढत, कधी ओठ लावला नव्हता. लोकांना हसू येईल, पण मी बापाला मनातल्या मनात सांगितलं: मी पीत नाही, बघतोय.

तोंडात घेतलं.

आधी करपलेलं. भाकरीचा पापुद्रा तव्यावर राहून काळा होतो, तसं. मग कडू, कडुनिंबाच्या काडीचं. मग गूळ आला, वेलदोडा आला, आणि खरं सांगतो, एक क्षणभर वाईट लागलं नाही. गहिनीनाथाच्या हातात कसब होतं. मी माल तोंडात घोळवला, थुंकलो. चूळ भरली नाही. थांबलो.

करपलेलं गेलं. कडू गेलं. वेलदोडा नाकातून गेला. गूळसुद्धा गेला. गुळाची गोडी येते आणि जाते. सगळं गेल्यावर मागं पडजिभेपाशी एक गोडी बसून राहिली. नुसती गोडी, मागं कशाचीच चव नसलेली. सकाळचीच.

मी लॅबकडं पळालो.

मॅडम काटा पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवून तपासत होत्या. मी दारातच म्हणालो, “तीन कॅन. आठ दिवसांत. मीच घातले. ओल कुठं न्हाई. आन् आत्ता चाखून बघितलं, तीच चव हाय.”

काटा त्यांच्या हातातून निसटला आणि बेसिनमध्ये फुटला.

“कवटीवालं?”

“व्हय.”

त्या खुर्चीवर बसल्या. “मी अर्धा ग्लास प्यायले, दादा. शंका होती म्हणून जास्त प्यायले.” मग एकदम उठल्या. “लाइन बंद करा. आधी लाइन.”

“साहेबांना सांगाय पाहिजे.”

“दोन्ही करा. पळा.”

मी पळत जाऊन लाइनचा खटका पाडला. मग कॅन उचलला, तळाशी थोडं उरलेलं होतं, आणि दुसऱ्या हातात नंबर चारचा ग्लास घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार ठोठावलं नाही. आत आबासाहेब आणि गहिनीनाथ जेवून बसले होते. मॅडम मागून आल्या. मी सगळं सांगितलं. कॅन, नळी, कोरडी फरशी.

गहिनीनाथ उसळला. “याला काय चव कळतीय साहेब? जल्मात पिला न्हाई म्हनतो. दारूची चव याला काय म्हाईत?”

“दारूची न्हाई म्हाईत,” मी म्हणालो. “कॅनची म्हाईत हाय.”

टेबलावरच्या रिकाम्या पेल्यात मी कॅनमधलं थोडं ओतलं. हिरवट, दाटसर. शेजारी काळ्या बिअरचा ग्लास ठेवला.

“हितं दोन्ही हायेत. चाखा. निस्तं जिभेला लावा आन् थुका. एकसारखं न्हाई लागलं तर मी गेटच्या बाहेर.”

 कॅनवरची कवटी आबासाहेबांकडं तोंड करून होती.

“गहिनी,” आबासाहेब म्हणाले, “बघ की.”

“साहेब, आत्ताच पान खाल्लंय. चव न्हाई कळायची.”

“मग बिअरच घे. ती तर सकाळी घेतलीस ना?”

गहिनीनाथानं ग्लासाकडं बघितलं आणि हात मागं घेतले. सकाळी याच मालावर यानं सही केली होती. आता बोट लावायला तयार नव्हता. पुरावा म्हणतात तो हाच.

आबासाहेबांचा चेहरा उतरला. दोन ग्लास. त्यांनी मोजले असणार. ते उठले, गाडीची किल्ली चाचपली. “मला जरा राहुरीत काम हाय,” ते म्हणाले. “गहिनी, चल.” आणि निघाले. टाकीचं काय, बाटल्यांचं काय, मॅडमचं काय, एक शब्द नाही. पांढरी गाडी गेटमधून धूळ उडवत गेली. एका बाईनं त्यांच्याच कागदासाठी त्यांचंच विष प्यायलं होतं, आणि गाडीत मागं तीन जागा रिकाम्या होत्या.

मी टाकीचा मोठा वॉल्व्ह बंद केला, साखळी घातली, कुलूप लावलं. किल्ली खिशात. टेम्पोपाशी गेलो.

“बजरंग, गाडी खाली कर.”

“कुनाची ऑर्डर?”

“माझी.”

“तू कवापासून सायेब झाला रे?”

“त्या बाटल्यांत इख हाय. कवटीवालं. मॅडम पिल्यात. त्यांना दवाखान्यात न्यायचंय.”

बजरंगचं तोंड उघडं राहिलं. मग तो सीटखाली वाकला आणि तिथून एक बाटली काढली. बूच शाबूत होतं. “घरी न्यायला ठिवल्ती,” तो म्हणाला. “बायकोला गोड आवडतं.”

क्रेट उतरवले, तेही कुलपात टाकले. मॅडमना पुढं बसवलं. रस्त्यानं त्या फक्त एकदा बोलल्या. “डोकं जड झालंय. दारूनं असेल नाही?” मी म्हणालो, दारूनंच असेल. पुन्हा खोटं. पण या वेळी त्यांनाही माहीत होतं.

राहुरीतला दवाखाना छोटा, खासगी. आत गेलो तर पहिल्याच खाटेवर आबासाहेब. हाताला सलाइन. शेजारच्या खाटेवर गहिनीनाथ. डॉक्टरीणबाई नर्सला सांगत होत्या, “ऊन लागलंय दोघांना. मीठ-साखरेचं पाणी द्या, संध्याकाळी सोडू.”

मला कळेना. मग कळलं. यांनी सांगितलंच नव्हतं! आबासाहेबांनी डॉक्टरला ऊन लागलं म्हणून सांगितलं होतं. बातमी फुटली तर फॅक्टरी बंद होईल. माणूस मरायला तयार, पण बातमी फुटायला तयार नाही.

आबासाहेबांनी मला बघितलं आणि मान हलवली. अगदी थोडी. गप्प राहा.

सहा वर्षं मला ती मान ओळखीची होती. मी मोठ्यानं, बाहेरच्या बाकड्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असं म्हणालो, “बाई, ऊन न्हाई. यांनी ग्लायकोल पिलंय. रेडिएटरचं. बिअरमधनं. साहेबांनी दोन ग्लास, यांनी एक, या मॅडमनी अर्धा.”

“भीमराज!” आबासाहेब ओरडले.

डॉक्टरीणबाई वळल्या. “किती वाजता?”

“सव्वाअकराला.”

“आणि आता पावणेतीन. आधी का नाही आणलं?”

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या.  बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला बारा वाजता विचारलं हुतं,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो. म्हनून उशीर झाला.”

बाईंनी माझ्याकडं क्षणभर बघितलं, शिव्या घालायला वेळ नव्हता. त्यांनी पुण्याला कुणा मोठ्या डॉक्टरला फोन लावला. हो, हो करत कागदावर लिहीत गेल्या. फोन ठेवून म्हणाल्या, “तिघांनाही नगरला हलवायचं. गाडी बोलावते. पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. यावर उतारा दारूच आहे. शरीर आधी दारूकडं वळतं, मग ते विष तसंच लघवीवाटे जातं. तुमच्या त्या बिअरमध्ये दारू होती म्हणून तर ही तिघं अजून शुद्धीत आहेत. पळा, व्हिस्कीची बाटली आणा. सीलबंद.”

“मी?”

“मग काय नर्सला पाठवू?”

मी गेलो. बाजारपेठेत भर तीन वाजता दारूच्या दुकानाच्या खिडकीशी उभा राहिलो. काय मागायचं ते ठाऊक नाही. “व्हिस्की,” म्हणालो. “कंची?” तो म्हणाला. “कंचीबी. लवकर.” मागची दोघं हसली, लई तहान लागलीय गड्याला. बाटली कागदात गुंडाळायलाही थांबलो नाही. तशीच हातात धरून रस्त्याच्या मधून पळालो. आमच्या वस्तीतल्या झुंबरबाई समोरून येत होत्या, डोक्यावर बाजाराची पाटी. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं. आज ना उद्या गावात पोचणार होतं. पोचू दे.

नर्सनं व्हिस्की मापून पेल्यात ओतली, पाणी घातलं. मॅडमनी नाक दाबून प्यायली. त्यांना उमासा आला, तरी प्यायल्या. आबासाहेबांनी एका दमात संपवली. गहिनीनाथ रडत होता. नर्सनं तीन भांडी आणून खाटांखाली ठेवली आणि कागदावर वेळ लिहिली. लघवी किती होते ते दर अर्ध्या तासाला बघायचं होतं. थांबली तर मूत्रपिंड गेलं.

साडेतीन झाले. आबासाहेबांची झाली. मॅडमची नाही.

मी दारापाशी उभा. नगरची गाडी अजून आली नव्हती. आबासाहेबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. दारूनं त्यांचा आवाज जरा सैल झाला होता.

“टाकी?”

“कुलूप लावलंय.”

“बरं केलं. किल्ली दे. मानसं लावतो, रातच्याला नाल्यात सोडून देतील. पाडव्याला तुझी ऑर्डर माझ्या हातानं काढतो. बाहेर कुनी काय इचारलं तर ऊन लागलं म्हनायचं.”

“नाल्यावर वस्तीची शेरडं पानी पितात, साहेब.”

“शेरडांचं मी बघतो.”

“न्हाई बघत तुमी.”

त्यांनी हात पुढं केला, सलाइनची सुई टोचलेला. मी खिशातली किल्ली मुठीत धरली. घामानं ओली झाली होती.

“उद्या सकाळी एक्साइजचा सरकारी मानूस तपासनीला येतो,” मी म्हणालो. “त्याच्या हातात देईन. तोवर ही माझ्याकडं ऱ्हाईल.”

“मग तुझ्या घरात खायाला काय ऱ्हाईल ते बघ.”

 पलीकडं मॅडमच्या खाटेशी नर्स वाकली होती. भांडं उचलून तिनं उजेडात धरलं, कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते इथून दिसत नव्हतं. मी आबासाहेबांकडं पाठ फिरवली आणि तिकडं चालायला लागलो.